दुसऱ्या बॅन्जोचा कागद

माझ्याकडे आहे तो दुसऱ्या बॅन्जोचा कागद.
सिनसिनाटीच्या लिलावात, शिवणकामाच्या नमुन्यांखाली,
चार डॉलरला अख्खं खोकं, त्यात हा.
‘पर्सिमन टू-स्टेप, दोन बॅन्जोंसाठी’,
आणि कोपऱ्यात जांभळा शिक्का:
ई. थॅकस्टन, बॅन्जोचे शिक्षक, चांभाराच्या दुकानावरचा मजला.

दुसऱ्या बॅन्जोला चाल नसते.
धम्-चक, धम्-चक, सोळा घरं, मग पुन्हा तेच.
नवरदेव नसलेली वरात
रस्त्याने शिस्तीत चाललेली.
पहिला कुठे आड जातो,
कुठे समेच्या आधीच उंबरा ओलांडून आत शिरतो,
हे मी सहा वर्षं ताडत बसलो
ज्यात तो नाहीच अशा कागदावरून.

एव्हान्सव्हिलच्या ग्रंथालयात जाहिरात मिळाली, तुकडा नाही.
लेक्सिंग्टनचे ऑर्विल टिंगली, पोलादी कपाटं, चष्म्याला दोरी,
म्हणाले, आहे माझ्याकडे. दाखवणार नाही.
ते गेले. मुलाने सगळं वजनावर घातलं.
त्या गोदामात मी दोन दिवस गुडघ्यांवर होतो.
वॉल्ट्झ, प्रार्थना, साबणाची पत्रकं.

मग आयोना स्टबलफील्डबाईंचा फोन.
वय एक्याण्णव, गाव ऑरोरा, घर ओहायो नदीच्या वरच्या अंगाला.
‘बाबा वाजवायचे ते, सहलीच्या बोटीवर.
कागद ना? आहे की.
भिंतीत आहे.’

फेब्रुवारीत गेलो. किटली, लांबी भरायची पट्टी, जुने टॉवेल.
वाफेवर आधी गुलाब सुटले, मग हिरव्या रेघा,
मग वर्तमानपत्र: कोळशाचा भाव, हरवलेली गाय.
त्याखाली कोरा, पिवळा कागद.
‘तोंड भिंतीकडे,’ बाई म्हणाल्या.
‘आईने लावलाय, पिठाच्या खळीने.
बाबा बोटीवरून परत आले नाहीत त्या थंडीत.
फटींतून वारा यायचा, असं ती सांगायची.’

हातात आला तो नुसता लगदा.
सूर भिंतीवरच राहिले, चुन्यावर, उलटे,
उजवीकडून डावीकडे निघालेले,
सगळ्यांच्या शेपट्या भलत्याच बाजूला.
बाईंनी वेणीफणीचा आरसा आणला.
त्यांनी धरायचा, मी उतरवून घ्यायचं.
हात भरून आला की त्या हात बदलायच्या
आणि अख्खी ओळ खोलीभर हिंदकळायची.

त्यात ही जुनी लिपी.
लिहिलेलं एक, वाजतं तीन पट्ट्या वर.
त्या वेळचे बॅन्जोवाले असंच लिहीत;
एका दाराशी हाक मारायची
आणि ओ यायची तिसऱ्या दारातून.
भिंत, आरसा, लिपी:
तीनदा वळून एक साधी उडती चाल.

शेवटची आठ घरं दिव्याच्या बटणाखाली गेलीत.
सत्तेचाळीस साली कुणी वायरमनने चौकोन कापला.
स्क्रू काढून पाहिलं. वायरी. एक मेलेली गांधीलमाशी.
विचारलं, तुम्हाला आठवते का चाल?
‘मी पाळण्यात होते,’ बाई म्हणाल्या,
‘मला बाबाच आठवत नाहीत.’
मग कॉफी, त्यांच्या मांजराच्या पोटदुखीची हकिगत,
आणि पुलावर बर्फ होतं म्हणून रात्री तिथेच सोफ्यावर.
अंधारात खळीचा ओला वास येत राहिला.

आता शनिवारी डेलमर येतो.
नदीच्या दमट हवेने बॅन्जोचं कातडं सैल पडतं,
ते आधी स्टोव्हपाशी शेकायचं,
मग तो पहिला, मी दुसरा.
तो चांगला वाजवतो, जरा घाई करतो.
आठ घरांपाशी आलो की थांबत नाही आम्ही;
दोघंही दुसरा बॅन्जो वाजवतो,
धम्-चक, धम्-चक,
आणि एकमेकांकडे बघत नाही.

एप्रिलमध्ये बाईंचा फोन.
झालं ना तुमचं? मग रंगवून घेऊ का भिंत?
सगळं उतरवून झालं होतं, दोनदा तपासलेलं,
फोटोही होते.
‘थांबा,’ मी म्हटलं.
का, ते त्यांनी विचारलं नाही.